पैशाचा कोपरा नेमका कुठला, आणि पलंग कुठे सरकवू?

फेंगशुईवर, म्हणजे घराच्या मांडणीच्या चिनी पद्धतीवर, प्रश्न पाठवा म्हटलं तर एवढी पत्रं आली की माझ्या इनबॉक्सचंच फेंगशुई बिघडलं. आणि बहुतेक पत्रांत एकच सूर, "ताई, काय आणून ठेवू?" काय हलवू, काय काढून टाकू, असं विचारणारे अगदी मोजके. खरं तर हा सगळा प्रकार मुळात मांडणीचा आहे, खरेदीचा नाही, त्यामुळे हलवा-काढावाले प्रश्न आधी घेते, शुभ वस्तूंचे, म्हणजे बेडूकवाले, नंतर.

ताई, डोकं फिरलंय माझं. एका व्हिडिओत सांगतात मुख्य दारात आत तोंड करून उभं राहा, सगळ्यात लांबचा डावा कोपरा तो पैशाचा. दुसरीकडे म्हणतात आग्नेय दिशा पैशाची, कंपास लावून बघा. दाराच्या हिशोबाने माझा पैसा बाथरूममध्ये येतो आणि कंपासने अभ्यासाच्या टेबलापाशी. खरा कोपरा कोणता?
– दोन कोपऱ्यांत अडकलेली

दोन्ही खरे, पण आपापल्या घराण्यात. कंपासवाली पद्धत जुनी, चिनी जाणकार त्यासाठी लुओपान वापरतात, मधे चुंबकसुई आणि भोवती आकड्या-चिन्हांच्या गोल कड्या. त्यात आठ दिशांना आठ विषय वाटलेले असतात: उत्तर करिअर, दक्षिण नावलौकिक, पूर्व कुटुंब आणि तब्येत, पश्चिम मुलं आणि कल्पकता, आग्नेय पैसा, नैऋत्य नातं, ईशान्य ज्ञान, वायव्य मदतीला येणारी माणसं. दारात उभं राहून मोजायची पद्धत त्या मानाने अगदी अलीकडची, लिन युन नावाच्या चिनी गुरूंनी 1980 च्या दशकात ती अमेरिकेत रुजवली, तिथे दिशा बघतच नाहीत, दार ज्या बाजूला ती नकाशाची खालची बाजू, संपला विषय. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना ती सोपी पडते म्हणून सोशल मीडियावर तीच जास्त फिरते.

तुम्ही एक निवडा आणि त्याच्याशीच राहा. माझं मत विचाराल तर कंपासवाली, कारण ऊन-वारा दिशेप्रमाणे येतो, दाराप्रमाणे नाही. मात्र फोनच्या कंपासवर एकदम विश्वास नको, मॅग्नेटवालं कव्हर काढा, लोखंडी ग्रिल, फ्रीज, लिफ्ट यांच्यापासून लांब उभं राहा आणि दोन-तीन जागी रीडिंग घेऊन ताडून बघा. अजून एक, चिनी आकृत्यांत दक्षिण वर काढलेली असते, आपल्या डोळ्यांना उत्तर वर बघायची सवय, त्यामुळे कित्येक जण नेटवरचा नकाशा उतरवून घेतात आणि अख्खं घर उलटं वाचतात! तेवढं तपासा.

आता कोपरा सापडला तर करायचं काय? इथे पंचतत्त्वांचा हिशोब येतो: लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. पाणी लाकडाला वाढवतं, लाकडाने अग्नी पेटतो, अग्नीची राख म्हणजे माती, मातीतून धातू, आणि धातू पाण्याला जन्म देतो. तोडायचा क्रम वेगळा, धातू लाकूड कापतो, लाकूड मातीत मुळं घुसवतं, माती पाणी अडवते, पाणी अग्नी विझवतं, अग्नी धातू वितळवतो. आग्नेय लाकडाची, म्हणून तिथे जिवंत झाड चालतं, थोडं पाणी चालतं, पण मोठं स्टीलचं कपाट नको म्हणतात. तुमच्याकडे तिथे अभ्यासाचं टेबल आहे, ते लाकडी असेल तर काहीच बिघडलेलं नाही, एक लहान कुंडी ठेवा आणि वाळलेली पानं वेळच्या वेळी काढा. आणि बाथरूममधला पैसा विसरून जा.

आमची बेडरूम लहान. पलंग एकाच भिंतीला लागतो, पाय सरळ दाराकडे येतात, समोरच्या वॉर्डरोबला मोठा आरसा. झोप तुकड्या-तुकड्यांत लागते. नवरा म्हणतो सगळा खुळचटपणा आहे. खरंच पलंगाचा संबंध असतो का?
– रात्री दोनला जागी

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण फेंगशुईत ज्याला खरंच काही अर्थ आहे ते इथे आहे. आधी मूळ कल्पना सांगते. जुन्या चीनमध्ये घर असो की थडगं, जागा निवडताना आकार बघायचे, पाठीशी उंच डोंगर, डाव्या-उजव्या हाताला टेकड्या, पुढे मोकळी जमीन आणि पाणी. पाठीचा तो काळा कासव, डावीकडे हिरवा ड्रॅगन, उजवीकडे पांढरा वाघ, समोर लाल पक्षी. अशा जागी बसलेल्या माणसाला मागून कुणी येण्याची भीती नाही, बाजू सांभाळलेल्या आणि पुढचं सगळं दिसतंय. पलंगाचा नियम म्हणजे हेच सगळं लहान करून खोलीत आणलेलं: डोक्यामागे भक्कम भिंत, पडल्या-पडल्या दार दिसलं पाहिजे, पण दाराच्या सरळ रेषेत नको, तिरकं.

पाय सरळ दाराकडे याला चीनमध्ये प्रेताची जागा म्हणतात, कारण मृतदेह पाय पुढे करून बाहेर काढतात. ऐकायला भयानक आहे पण घाबरू नका, त्यामागचं साधं कारण बघा, दारातून येणारा उजेड, आवाज, वारा, ये-जा सगळं थेट अंगावर येतं आणि झोप हलकी असणाऱ्याला ते जाणवतंच. पलंग त्याच भिंतीवर वीतभर जरी बाजूला सरकला तरी सरकवा. नाहीच सरकला तर रात्री दार बंद ठेवा, पायथ्याशी एखादी बसकी पेटी किंवा बाक ठेवा म्हणजे मधे अडसर होतो, नाहीतर दाराला पडदा.

आरशाचं मात्र मी लगेच करायला सांगेन. पलंगासमोरचा आरसा फेंगशुईवाले झाडून सगळे नको म्हणतात, आणि अर्धवट झोपेत कूस बदलताना समोर काहीतरी हललं असं वाटून दचकलेल्या कुणालाही पटेल. कपाट बदलायची गरज नाही, आरशावरून पडदा लावा किंवा काचेवर धूसर फिल्म चिकटवा. पलंगाखालचं सामानही बघा, अंथरूण-पांघरूण असेल तर राहू दे, पण बंद पडलेली यंत्रं, जुन्या फायली, परत करायच्या राहिलेल्या वस्तू काढा.

हे करून बरेच आठवडे झाले तरी झोप अशीच तुटत असेल तर पलंग सोडा आणि डॉक्टर गाठा. घोरणं, थायरॉइड, चिंता, यातलं काही कंपासवर दिसत नाही.

नवऱ्याला सांगा, त्याला न पटताही आरसा झाकता येतो.

मुख्य दार उघडलं की सरळ समोर गॅलरी. एकाने सांगितलं ऊर्जा आत येते आणि तशीच बाहेर जाते, पैसाही. मधे भिंत घालू का?
– आरपार

भिंत नको हो! चिनी विद्वान गुओ पू (276–324) यांच्या नावावर सांगितलेल्या जुन्या दफनग्रंथात 'ची' म्हणजे ती वाहती ऊर्जा, ती वाऱ्यावर उधळते आणि पाण्यापाशी थांबते असं आहे, सगळा विचार तिला अडवण्याचा नसून थोडं रेंगाळायला लावण्याचा. तर रेषा मोडा, एक गालिचा, बाजूला कुंडी, अर्ध्या उंचीचं शेल्फ, गॅलरीला पातळ पडदा. आणि खरं सांगू, आरपार हवा खेळणं हे राहणाऱ्यांसाठी वरदान आहे, ते बंद करून वर पंखा लावून बसायचं याला काही अर्थ नाही.

2024 पासून नवं युग सुरू झालं, तुमचं घर आता जुन्या युगाचं म्हणून ते कायमचं खराब झालं, असं एका सल्लागाराने सांगितलं आणि उपायांचा महागडा संच घ्यायला लावतोय. घेऊ का?
– घाबरलेला घरमालक

नका घेऊ. आता कारण.

'उडते तारे' नावाची एक शाखा आहे, त्यात 180 वर्षांचं चक्र, 20-20 वर्षांचे नऊ भाग. आठवा भाग 2004 ला सुरू झाला, नववा 4 फेब्रुवारी 2024 ला, तो 2044 च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालेल, तत्त्व अग्नी. म्हणजे युग बदललं हे त्या शाखेच्या हिशोबाने बरोबर. पण घर कुठल्या युगाचं, बांधलं तेव्हाचं की राहायला आलात तेव्हाचं, की मोठं रिनोव्हेशन केलंत तेव्हाचं, यावर त्यांच्यातच एकमत नाही, मग "कायमचं खराब" हे आलं कुठून? शिवाय या शाखेत दरवर्षीचे तारेही (आकाशातले नव्हेत, दिशांना वाटलेले आकडे) जागा बदलतात. सगळ्यात ज्याची धास्ती तो 'पाच पिवळा' नावाचा तारा 2024 ला पश्चिमेत होता, 2025 ला ईशान्येत, 2026 ला दक्षिणेत. त्याचा पारंपरिक सल्ला काय तर त्या वर्षी त्या भागात तोडफोड, ड्रिलिंग, खणणं टाळा, शांत ठेवा. शांत ठेवायला पैसे लागत नाहीत. जो माणूस आधी घाबरवतो आणि मग बॅगेतून वस्तू काढतो त्याला चहा पाजून वाटेला लावा.

समोरच्या इमारतीचा धारदार कोपरा बरोबर माझ्या कामाच्या टेबलाकडे रोखलेला आहे. आठ बाजूंचा आरसा लावू का?
– निशाण्यावर

याला विषारी बाण म्हणतात. सगळ्यात प्रसिद्ध किस्सा हाँगकाँगचा, 1990 मध्ये पूर्ण झालेला बँक ऑफ चायना टॉवर, आर्किटेक्ट आय. एम. पेई, सगळ्या त्रिकोणी धारा, लोक म्हणाले हे सुरे आहेत. जवळच्या एचएसबीसी बँकेच्या इमारतीच्या छतावर तोफांसारख्या दिसणाऱ्या क्रेन आहेत, त्या म्हणे उत्तर म्हणून रोखल्या! क्रेन देखभालीच्या, पण गोष्ट कुणाला सोडवते.

तुम्ही तोफा लावू नका, आरसाही नको. तो बागुआ आरसा घराच्या बाहेर लावतात, आत नाही, आणि समोरच्या घरात त्यावरून भांडण नक्की. खिडकीत दाट पानांची कुंडी ठेवा किंवा टेबल थोडं वळवा. पाठ भिंतीला, दार नजरेत, खिडकी बाजूला, एवढं जमलं की तो कोपरा दिसेनासा होईल, आणि न दिसणारा बाण लागत नाही असं फेंगशुईवालेही मानतात.

लाफिंग बुद्धा, तीन पायांचा बेडूक, लकी बांबू सगळं आणलंय. कुणी भेट दिलं तरच लागू होतं का?
– कपाटभर शुभ

भेटीचा नियम विसरा. लाफिंग बुद्धा म्हणजे गौतम बुद्ध नव्हे, तो बुदाई, दहाव्या शतकातला झोळीवाला चिनी भिक्षू, त्याला बघून हसू आलं की त्याचं काम झालं. बेडकाच्या तोंडात नाणं असतं, त्याचं तोंड घराकडे ठेवतात, दाराकडे नाही. लकी बांबू हा बांबूच नाही, आफ्रिकेतलं ड्रॅसिना आहे, थेट उन्हात ठेवू नका, पाणी आठवड्याला बदला आणि पिवळी पडलेली काडी लगेच काढा, नाहीतर बाकीच्याही जातात. तिन्हीपैकी आवडतं ते एक ठेवा. बाकीचे धूळ खाणार आणि तुम्ही ती पुसणार.

एकटी राहते. नैऋत्येला मँडरिन बदकांची जोडी ठेवली, वर्ष झालं, काही नाही.
– बदकांची मालकीण

चीनमध्ये ती जोडी दांपत्यप्रेमाचं चिन्ह आहे खरी, पण प्रत्यक्षात ही बदकं जन्मभर एकाच जोडीदाराला धरून राहतात असं काही नाही, तेव्हा त्यांच्याकडून फार अपेक्षा नको. त्यापेक्षा मला दुसरा सल्ला जास्त पटतो: पलंग एका बाजूने भिंतीला चिकटलेला असेल तर सोडवा, दोन्ही बाजूंनी उतरता आलं पाहिजे, आणि कपाटात एक कप्पा मोकळा ठेवा. कुणी आलं तर जागा असेल. नाही आलं तर तुम्हालाच सामान ठेवायला होईल.

माझी बायको कंपास घेऊन घरभर फिरते. यामागे विज्ञान आहे का, एका वाक्यात सांगा.
– शंकेखोर

'ची' मोजता येते असं विज्ञानात कुठेही सिद्ध झालेलं नाही. दुसरं वाक्य फुकट देते: उजेड, हवा, पसारा, आवाज, पाठीशी आधार यांचा मनावर होणारा परिणाम मात्र तुम्हालाही रोज होतो. कर्ज, आजारपण, कोर्टकचेरी यासाठी कुणी फेंगशुई सांगितलं तर तुम्ही दोघं एकत्र मिळून नाही म्हणा.

शेवटचा, लाजत विचारते. टॉयलेटचं झाकण उघडं राहिलं तर पैसा जातो?
– नाव नको

पैशाचं सांगत नाही, पण फ्लश करताना झाकण बंद हवंच, बारीक तुषार हवेत उडतात. दार लोटून ठेवा, एक्झॉस्ट चालू, गळका नळ दुरुस्त. गळक्या नळाबाबत फेंगशुईवाले आणि प्लंबर यांचं पूर्ण एकमत आहे.