‘बाबांचा फोन काढून घेऊ का?’

“मॅडम, बाबांना साधा फोन देतोय. बँकेचं सगळं यापुढे मीच बघणार. तुम्ही फक्त त्यांना समजवा.” मुलगा बोलत होता. शेजारी त्याचे वडील, वय ७३, निवृत्त मुख्याध्यापक, मान खाली घालून बसले होते. फसवणूक झाली की बहुतेक घरांत हाच विचार पुढे येतो. म्हणून त्या दोघांची परवानगी घेऊन, ओळख पटेल असे तपशील बदलून, त्यांची गोष्ट लिहिते आहे.

एका सकाळी काकांना फोन आला. तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून गुन्हे झालेत, असं सांगितलं गेलं. मग व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल. समोर गणवेशातला माणूस, त्याच्या हातात न्यायालयाचा शिक्का मारलेला कागद. “तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात. कॅमेरा बंद करायचा नाही. घरात कोणाला कळलं तर मुलालाही आत घेऊ.” दोन दिवस काका एका खोलीत बसून राहिले. बाथरूमला जायचं तरी ते परवानगी मागत होते. मुलगा परगावी. त्याचा फोन आला तेव्हा “डोकं दुखतंय, नंतर बोलू” म्हणाले. तिसऱ्या दिवशी पैशांच्या ‘पडताळणी’साठी मुदत ठेव मोडली. बँकेतल्या बाईंनी विचारलंसुद्धा, एवढी रक्कम कशाला? पढवल्याप्रमाणे काकांनी सांगितलं, घर घ्यायचंय.

“इतके शिकलेले तुम्ही, एकदा तरी विचारायचं!” हे वाक्य मुलाने माझ्यासमोरच तीनदा म्हटलं.

मला इथे ठामपणे सांगायचंय, हा अकलेचा प्रश्न नाही. ज्याने जन्मभर कायदा पाळला, त्यालाच कायद्याचा धाक जास्त असतो. उतारवयात नावाला बट्टा लागेल ही भीती, त्यात मुलाचं नाव घेतलेलं. तासन् तास कॉल चालू ठेवतात तो याचसाठी, की माणसाला स्वस्थ बसून विचार करायला आणि दुसऱ्याशी बोलायला उसंत मिळू नये.

मी काकांना विचारलं, “घरी कधी सांगितलंत?”

“सहाव्या दिवशी.”

“मधले तीन दिवस?”

“ह्याला तोंड कसं दाखवू, तेच कळत नव्हतं.”

सगळ्यात जास्त नुकसान त्या तीन दिवसांनी केलं. १९३० या हेल्पलाइनवर किंवा केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर लगेच तक्रार केली, तर पैसे ज्या खात्यात पोचलेत तिथेच गोठवता येण्याची शक्यता असते. पण ते एका खात्यात थांबत नाहीत. काही तासांत अनेक खात्यांत वाटले जातात, काढले जातात. काकांची तक्रार झाली तेव्हा थोडीच रक्कम अडली. उरलेल्याचा तपास अजून चालू आहे.

कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ असं काही नाही. उलट खरी अटक झाली तर नातेवाइकांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे आणि २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं. हे सांगितल्यावर काका पहिल्यांदा मान वर करून म्हणाले, “म्हणजे कोणाला सांगू नका म्हणाला, तिथेच तो खोटा होता.”

मग मी मुलाकडे वळले. “त्या दोन दिवसांत त्यांनी हळूच तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही काय म्हणाला असता?” तो बराच वेळ गप्प राहिला. “कामात असतो तर चिडलो असतो बहुतेक.” त्याने हे प्रामाणिकपणे कबूल केलं, याचं मला फार बरं वाटलं. फोन काढून घेतला असता तर काका आणखी एकटे पडले असते, आणि पुढचा भामटा लँडलाइनवरही आला असता. शिवाय ज्याने शाळा चालवली त्याच्या हातून स्वतःचं खातं काढून घेणं, ही दुसरी शिक्षा झाली असती.

काकांनी स्वतःच सुचवलं, उरलेल्या ठेवी दोघांच्या नावावर, दोघांच्या सहीशिवाय न मोडणाऱ्या करूया. यूपीआयची रोजची मर्यादा त्यांनी स्वतःच कमी केली. घरात एक ठरलं: पोलीस, बँक, कोर्ट, कोणाचंही नाव सांगून फोन आला की तो आधी कट करायचा आणि मुलाला लावायचा. मुलानेही शब्द दिला, तो फोन मी उचलणार आणि “कशाला उचललात?” असं विचारणार नाही. हा शब्द मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतला.

तीन महिन्यांनी काकांना पुन्हा फोन आला. “तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो, आधी फी भरा.” एकदा फसलेल्या माणसाला असे फोन अनेकदा येतात. काकांनी कट करून मुलाला लावला. तो मीटिंगमध्ये होता. बाहेर येऊन वीस मिनिटं बोलला, त्यातली दोनच मिनिटं त्या कॉलबद्दल होती.