विज्ञानाच्या तासाला मुलांकडून लिहून का घ्यायचं? ते भाषेच्या शिक्षकांचं काम नाही का?

तुम्ही लिहिलंय की सातवीचा विज्ञानाचा पोर्शन आधीच कसाबसा संपतो, त्यात मुख्याध्यापक म्हणतात सगळ्याच विषयांत लेखन घ्या. मग साठ वह्या तपासायच्या कधी?

तपासूच नका. मीही गणित-विज्ञानच शिकवते, आणि माझं ठाम मत आहे की हे लेखन मार्कांसाठी नसतंच. आपल्याकडे लिहिणं म्हणजे फळ्यावरचं उतरवून घेणं, नाहीतर 'शास्त्रीय कारणे लिहा'खाली गाईडमधलं उत्तर जसंच्या तसं. त्यात मुलाला स्वतः विचार करायची वेळच येत नाही. उत्तर सांगण्याआधी लिहायला लावलं, तर येते.

स्टीलच्या पेल्यात बर्फाचं पाणी भरून टेबलावर ठेवा. (पावसाळ्यात घ्या, कोरड्या हवेत थेंब नीट धरत नाहीत.) बाहेरून थेंब जमले की काहीही न समजावता म्हणा, "हे पाणी कुठून आलं? पाच मिनिटं, चार ओळी, शुद्धलेखन बघणार नाही." 'पेला पाझरतो' लिहिणारी मुलं निघतातच. माझ्या वर्गातल्या एका मुलीने तेच लिहिलं आणि पुढे, 'पण मग साधं पाणी ठेवल्यावर पण पाझरायला पाहिजे.' आपलंच म्हणणं तिने पुढच्या ओळीत तपासलं. तोंडी विचारलं असतं तर पुढच्या बाकावरून कुणीतरी 'संघनन' (हवेतल्या वाफेचं थंड होऊन पाणी होणं) म्हटलं असतं, आणि तिच्या मनातला पाझरणारा पेला तसाच राहिला असता. शंका उरलीच तर पेल्यात रंगीत सरबत घाला. बाहेरचे थेंब बिनरंगीच येतात.

गणितातही हेच. १/२ + १/३ = २/५ असं उत्तर आलं की फुली मारण्याऐवजी विचारा, "२/५ हे अर्ध्यापेक्षा कमी की जास्त? अर्ध्यात भर घातल्यावर असं होईल का? लिही."

भाषा ही प्रत्येक विषयाच्या शिक्षकाची जबाबदारी आहे, असं ब्रिटनच्या बुलक समितीने १९७५ सालीच सांगितलं होतं. आपल्याकडे २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत 'माझी नोंद'साठी कोरी पानं आली, आणि २०२५ मध्ये तो निर्णय मागेही घेतला गेला. मला त्याचं वाईट वाटलं. नुसत्या कोऱ्या पानाने मूल लिहीत नाही, त्याला नेमका प्रश्न लागतो.

घरी अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलांना तशीच लिहू द्या. प्रमाण मराठी शोधण्यात त्यांचा विचार तुटतो. परीक्षेचं उत्तर नंतर नीट लिहून घेता येतं.

आणि वह्यांऐवजी चिठ्ठ्या घ्या. त्यातल्या कोणत्याही दहा मधल्या सुट्टीत वाचा, नावं न सांगता दोन-तीन वर्गात वाचून दाखवा. उद्याचा तास कुठून सुरू करायचा ते त्यातच कळतं, आणि पोर्शनचा वेळही वाचतो, कारण मुलांना आधीच कळलेलं तुम्ही पुन्हा शिकवत बसत नाही.