पत्ता दिला, पण वस्तू कोणाची?

प्रश्न : शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीसाठी आम्ही सी प्लस प्लसमध्ये प्रणाली लिहिली आहे. तापमानाच्या मर्यादा सुपरवायझरला प्रोग्राम पुन्हा कंपाइल न करता बदलता याव्यात, म्हणून प्रत्येक हीटच्या (वितळलेल्या धातूच्या एका खेपेच्या) नोंदीचा ऑब्जेक्ट आम्ही लुआ या स्क्रिप्टिंग भाषेतील स्क्रिप्टला देतो. सकाळी सारे सुरळीत चालते. दुपारी मात्र आधीच्या हीटचे तापमान भलतेच दिसते किंवा प्रोग्रामच बंद पडतो. हा लुआचा दोष आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दोष लुआचा नाही. आपण पाठवलेल्या कोडमध्ये नोंदी व्हेक्टरमध्ये, म्हणजे गरजेनुसार वाढणाऱ्या यादीत, ठेवल्या आहेत, सुरुवातीला १६ नोंदींची जागा राखली आहे, आणि प्रत्येक नोंदीचा मेमरीतील पत्ता ‘लाइट यूजरडेटा’ म्हणून स्क्रिप्टच्या हाती दिला आहे. सतरावी हीट आली की व्हेक्टर मोठी जागा घेतो, सगळ्या नोंदी तिकडे हलवतो आणि जुनी जागा सोडून देतो. स्क्रिप्टकडे मात्र जुनेच पत्ते राहतात. लाइट यूजरडेटा म्हणजे नुसता पत्ता असल्याने त्यामागची वस्तू जिवंत आहे की नाही, हे लुआला कळण्याचा मार्गच नाही. शिवाय अशा सर्व पत्त्यांना मिळून एकच मेटाटेबल (वस्तूचे वर्तन ठरवणारा तक्ता) असते, त्यामुळे हीटच्या जागी भट्टीचा पत्ता गेला तरी तो बिनतक्रार स्वीकारला जातो.

मालकी सी प्लस प्लस आणि लुआ अशी दोन्हीकडे वाटायची असेल, तर पूर्ण यूजरडेटामध्ये (लुआने स्वतः सांभाळलेल्या मेमरीत) शेअर्ड पॉइंटर, म्हणजे वस्तूचे किती मालक आहेत याची मोजणी ठेवणारा पॉइंटर, ठेवावा, त्याच्या मेटाटेबलमधील ‘जीसी’ मेटामेथडमधून (लुआ वस्तू टाकून देताना बोलावते त्या फंक्शनमधून) त्याचा डिस्ट्रक्टर, म्हणजे आवराआवर करणारे फंक्शन, आठवणीने चालवावा, आणि प्रत्येक फंक्शनच्या आरंभीच प्रकार तपासावा. हा डिस्ट्रक्टर राहून गेला, तर मोजणी कधीच शून्यावर येत नाही आणि मेमरी अडकून पडते. लुआच्या कचरा-संकलकाला (न लागणारी मेमरी मोकळी करणाऱ्या यंत्रणेला) यात फक्त पॉइंटरचे, साधारणतः १६, बाइट दिसतात. त्यामागची तापमानाची लांबलचक मालिका त्याच्या हिशेबात येत नाही, म्हणून तो सावकाश चालतो.

मला विचाराल, तर आपल्या कामाला ऑब्जेक्ट देण्याचीच गरज नाही. हीट कधी सुरू झाली आणि नोंद कधी काढून टाकायची, हे भट्टीकडील प्रोग्रामच ठरवतो. स्क्रिप्ट केवळ विचारणा करते. तेव्हा तिला हीट क्रमांक द्यावा, सी प्लस प्लसने दर वेळी त्या क्रमांकाची नोंद शोधावी, आणि ती नसल्यास ‘निल’ (काहीच नाही) परत करावे. फाउंड्रीत प्रत्येक हीटला क्रमांक दिलेला असतोच. तो पुन्हा वापरला जात नाही, एवढी खात्री मात्र सुपरवायझरकडून आधी करून घ्यावी.