इलेक्ट्रिक गाडी आणि रस्त्याचा खर्च : वाचकांचे प्रश्न

दहा लाखांची पेट्रोल मोटार घेताना मी एक लाख दहा हजार रुपये मोटार वाहन कर भरला. त्याच किमतीची इलेक्ट्रिक मोटार घेणाऱ्या शेजाऱ्यांना एक रुपयाही कर पडला नाही. रस्ता आम्ही दोघे सारखाच वापरतो. हे न्याय्य आहे का? (एक वाचक, पुणे)

आपण भरलेला हा कर रस्त्याच्या वापरावर नसून गाडीच्या किमतीवर आहे. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल मोटारीला तो किमतीनुसार ११ ते १३ टक्के पडतो, आणि गाडी वर्षाला दोन हजार किलोमीटर धावो की वीस हजार, त्यात फरक पडत नाही. वापराशी खरा संबंध आहे तो इंधनावरील करांचा. पेट्रोलवर राज्याचा २५ टक्के मूल्यवर्धित कर आणि लिटरमागे आणखी ५ रुपये १२ पैसे आकारले जातात. शिवाय केंद्राच्या करांत रस्ते व पायाभूत सुविधा उपकर असतो. आपले शेजारी यातले काहीच भरत नाहीत. घरी चार्जिंग करताना वीजबिलातील १६ टक्के वीज शुल्क ते भरतात, पण ती रक्कम पुष्कळच लहान असते.

त्यामुळे आपली तक्रार निराधार नाही. मात्र शहरातील धूर कमी व्हावा म्हणून शासन ही सवलत देते, आणि त्या धुराचा त्रास गाडी नसलेल्यांनाही होतो, हे लक्षात घेतले तर मर्यादित काळापुरती करमाफी मला योग्य वाटते. ती कोणाला किती मिळावी, हा मात्र वेगळा प्रश्न आहे आणि पुढच्या वाचकांनी तोच विचारला आहे.

तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक मोटारींवर ६ टक्के कर लावण्याचा प्रस्ताव मागे घेतला गेला. ते बरोबर झाले का? (एक वाचक, नाशिक)

माझ्या मते नाही. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री अजित पवार यांनी हा प्रस्ताव मांडला आणि त्याच महिन्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मागे घेत असल्याचे विधिमंडळात सांगितले. यातून फारसे उत्पन्न मिळणार नाही आणि इलेक्ट्रिक वाहनांबाबत चुकीचा संदेश जाईल, अशी कारणे त्यांनी दिली. उत्पन्नाचा मुद्दा मान्य केला तरी न्यायाचा मुद्दा शिल्लक राहतो. किमतीवरचा कर माफ केला की जितकी गाडी महाग तितकी माफी मोठी होते. एक लाखाच्या पेट्रोल स्कूटरला ११ टक्क्यांनी ११ हजार रुपये कर पडतो. इलेक्ट्रिक स्कूटर घेणाऱ्याचे तेवढेच वाचतात. चाळीस लाखांच्या पेट्रोल मोटारीला १३ टक्क्यांनी ५ लाख २० हजार पडतात, म्हणजे तेवढ्याच किमतीच्या इलेक्ट्रिक मोटारीच्या मालकाला सार्वजनिक तिजोरीतून जवळपास सत्तेचाळीसपट मदत होते. प्रस्तावित ६ टक्के कर लागला असता तरी या मालकाला २ लाख ४० हजारच भरावे लागले असते, पेट्रोलवाल्याच्या निम्म्याहूनही कमी. कर्नाटकाने २०२४ मध्ये पंचवीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक मोटारींना १० टक्के कर लावण्याचा कायदा केला, तो या दृष्टीने अधिक समतोल होता.

न्यू जर्सीत आम्हांला इलेक्ट्रिक मोटारीसाठी दरवर्षी वेगळे शुल्क द्यावे लागते. भारतात माफी आणि इथे जादा आकारणी, यात कोणते धोरण योग्य? (एक वाचक, एडिसन)

अमेरिकेतील राज्ये रस्त्यांचा खर्च मोठ्या प्रमाणात पेट्रोलवरील करातून भागवतात. त्यामुळे पेट्रोल न घेणाऱ्यांनी अन्य मार्गाने वाटा द्यावा, ही मागणी मुळात रास्त आहे. आपल्या राज्यात जुलै २०२४ पासून २५० डॉलर शुल्क सुरू झाले, ते दरवर्षी १० डॉलरने वाढून २९० पर्यंत जाणार आहे आणि नव्या गाडीला चार वर्षांचे एकदम भरावे लागते. चूक रकमेत व पद्धतीत आहे. २०२५ मध्ये तिथला राज्याचा इंधनकर गॅलनला ४४.९ सेंट होता. गॅलनला तीस मैल धावणारी पेट्रोल गाडी वर्षाला आठ हजार मैल चालली, तर तिचा मालक सुमारे १२० डॉलर कर देतो. तेवढीच धावणारी आपली गाडी त्याच्या दुपटीहून अधिक देते. निवृत्त माणूस आणि दिवसभर टॅक्सी चालवणारा यांना एकच शुल्क लावणे हा समान न्याय नव्हे. ओरेगॉनने २०१५ पासून मैलामागे आकारणीचा ऐच्छिक पर्याय दिला आहे. हवाईत जुलै २०२५ पासून इलेक्ट्रिक मोटारीच्या मालकाला हजार मैलांना ८ डॉलर किंवा वर्षाला ५० डॉलर, यांतून निवड करता येते. न्यू जर्सीतही आपण असा पर्याय मागायला हवा.

बॅटरीच्या वजनामुळे या गाड्या रस्ते जास्त खराब करतात का? (एक वाचक, कोल्हापूर)

फरक आहे, पण नगण्य. आसावरील (चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावरील) भार वाढला की रस्त्याची झीज साधारण त्याच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, असे अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या रस्ता-चाचणीतून पुढे आले. त्या हिशेबाने दहा टनांचा आस एक टनाच्या आसापेक्षा दहा हजारपट झीज करतो. रस्ते मोडतात ते जादा भरलेल्या ट्रकांमुळे. मोटारीच्या दोन-तीनशे किलोंवर बोट ठेवून कर मागणे अप्रामाणिकपणाचे आहे.

अटल सेतूवरची टोलमाफी कायम राहील का, आणि पुढे कर लागलाच तर तो कसा असावा? (एक वाचक, नवी मुंबई)

राज्याचे सध्याचे धोरण ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. त्यानुसार अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक मोटारी व बस यांना टोल माफ आहे. बसला दिलेली माफी मला पूर्ण पटते. खासगी मोटारीची मात्र सर्वांत कमी पटते, कारण टोल हाच एक असा आकार आहे जो जितका रस्ता वापराल तितका द्यावा लागतो, आणि मोटारीला तो माफ केल्याचा भार शेवटी द्रुतगती मार्गावर कधीच न जाणाऱ्यांवरही पडतो.

२०३० नंतर कर यावा, पण तो किलोमीटरवर आणि गाडीच्या वजनावर असावा, दुचाकी व रिक्षांना सर्वांत शेवटी लागू व्हावा. इलेक्ट्रिक गाडीला पीयूसी लागत नसल्याने तिचे किलोमीटर दरवर्षी तपासण्याची सोय आज नाही. विमा नूतनीकरणाच्या वेळी मीटरची नोंद घेण्याचा नियम आताच केला, तर प्रत्येक गाडीचा माग उपग्रहाद्वारे ठेवण्याची वेळ येणार नाही आणि चार वर्षांची खरी आकडेवारीही हाती असेल.