शिबिराला पाण्याच्या बाटल्या घेऊ का, असं विचारलंस म्हणून

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. योगाचं शिबिर ठरलं, 200 माणसं येणार, आणि कुणीतरी पाण्याच्या बाटल्यांचे बॉक्स फुकट देतो म्हणतंय, बदल्यात फक्त बॅनरवर नाव टाकायचं, तर घेऊ का असं तू विचारलंयस. उत्तर आधीच सांगून टाकते, घेऊ नकोस. आता कारणं सांगते, कारण नुसतं "ताई नको म्हणाली" एवढ्यावर तू नकार दिलास तर पुढच्या शिबिराला दुसरा कुणी येईल आणि तेव्हा तुझ्याकडे स्वतःचं असं सांगायला काहीच नसेल.

पतंजलींची योगसूत्रं परत एकदा काढून बस. सगळी मिळून 195 किंवा 196, पाठाप्रमाणे एखादं इकडेतिकडे होतं, आणि त्यात थेट आसनावर किती आहेत माहितीये, फक्त तीन. दुसऱ्या पादातलं, म्हणजे दुसऱ्या भागातलं, 46, 47 आणि 48. आसन स्थिर असावं, सुखाचं असावं, प्रयत्न सैल सोडावा, मग थंडी-ऊन, सुख-दुःख अशी द्वंद्वं त्रास देत नाहीत, बस्स. योगाच्या आठ अंगांमध्ये आसनाचा नंबर तिसरा आहे. त्याच्या आधी पाच यम आणि मग पाच नियम, म्हणजे मी इतरांशी कशी वागते आणि स्वतःशी कशी वागते. बहुतेक क्लासमध्ये ही दहा नावं पहिल्या दिवशी बोर्डवर लिहितात, मुलं वहीत उतरवून घेतात, आणि लगेच सूर्यनमस्कार सुरू. मला हे मनापासून खटकतं. अंग वळवायला तर कसरत करणारेही शिकतात आणि आपल्यापेक्षा कितीतरी छान वळवतात, त्यांच्यात आणि साधकात फरक पडतो तो या पहिल्या दोन अंगांनीच, आणि तीच आपण पाच मिनिटांत उरकतो.

पाच यमांमधला शेवटचा अपरिग्रह. याचा अर्थ आपण ढोबळमानाने "साठवू नये" असा सांगतो आणि ते चुकीचं नाही, पण योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात याच्यावर एक ओळ आहे ती मला फार मोलाची वाटते. वस्तू मिळवण्यात, राखण्यात, ती झिजून संपण्यात, तिची चटक लागण्यात आणि तिच्यापायी होणाऱ्या हिंसेत, असे पाच दोष दिसले म्हणून ती न स्वीकारणं, याला भाष्यकार अपरिग्रह म्हणतात. न स्वीकारणं! म्हणजे आधी घ्यायचं आणि मग त्याग करायचा असं नाहीये ते, दारात आलेली वस्तू नीट बघायची, तिच्यातले दोष दिसले की नको म्हणायचं. तुझ्यासमोर आत्ता नेमकं तेच आलंय.

आता एक सांगते, पतंजलींनी पर्यावरणावर लिहून ठेवलंय वगैरे शिबिरात चुकूनही बोलू नकोस. त्यांच्यासमोर प्लास्टिक नव्हतं, कारखाने नव्हते, तो त्यांचा विषयच नव्हता. त्यांनी बघायची पद्धत दिलीये. ती वापरून आपल्या काळातल्या वस्तूकडे आपणच बघायचं असतं.

तर बघू. मिळवण्या-राखण्याचं फार सांगत नाही, फुकट मिळतंय म्हणजे मिळवायचे कष्ट तुझे नाहीत इतकंच, कुणाचे तरी आहेतच. झिजण्याकडे बघ. अर्ध्या लिटरची बाटली हातात घे आणि तळाला बघ, तिकोनात 1 आकडा असतो, म्हणजे पेट प्लास्टिक, खनिज तेल आणि नैसर्गिक वायूपासून बनलेलं. झाकण मात्र वेगळ्या प्लास्टिकचं, झाकण उघडल्यावर गळ्यात राहते ती रिंगही त्याच वेगळ्या प्लास्टिकची, लेबल आणखी तिसरंच, आणि बाटल्यांचा गठ्ठा ज्या पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून येतो ते चौथं. हे सगळं मिळून पाणी वाहून नेण्याचं काम करतं किती वेळ, तर पिणाऱ्याच्या हातात जेमतेम काही मिनिटं. तू कुठल्याही मोठ्या कार्यक्रमानंतर मैदान बघितलंयस का, माणसं निघून गेल्यावर? दोन घोट पिऊन ठेवलेल्या बाटल्या असतात, आपली कुठली ते न कळल्यामुळे दुसरी फोडलेली असते, कुणी चटईखाली दाबलेली असते. आणि मग झाडणारी बाई येते, ती एकेक बाटली उचलते, झाकण फिरवते, उरलेलं पाणी मातीत ओतते, बाटली पायाखाली दाबून चपटी करते आणि पोत्यात टाकते, परत पुढची. शवासनात "सगळ्यांचं कल्याण होवो" म्हणून उठलेल्या लोकांच्या मागे हे काम उरतं. मला नाही पटत.

रिसायकल होतंच की, असं तुला नक्की कुणीतरी म्हणेल. काही प्रमाणात होतं, पेट बाटलीला भंगारात भाव असतो म्हणून ती इतर प्लास्टिकपेक्षा जास्त गोळा होते हे खरंय आणि ते मान्य करावं. पण बाटलीची परत बाटली होणं हा बराच छोटा भाग असतो, पुष्कळशा बाटल्यांचा पॉलिस्टरचा धागा होतो, त्याचे कपडे होतात आणि त्या कपड्यांचं पुढे सहसा पुन्हा काही होत नाही. एकूण प्लास्टिकचं बघायचं तर 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की 2015 पर्यंत जगात जेवढा प्लास्टिक कचरा झाला त्यातला साधारण 9 टक्केच रिसायकल झाला होता. बाकीचा जाळला, पुरला किंवा तसाच जमिनीवर-पाण्यात पडला. आणि संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठाने 2023 मध्ये बाटलीबंद पाण्यावर एक अहवाल काढला, त्यात जगभरात वर्षाला सुमारे 600 अब्ज बाटल्या आणि त्यातून सुमारे 25 दशलक्ष टन प्लास्टिक कचरा असा अंदाज आहे. मिनिटाला दहा लाखांच्या वर बाटल्या होतात हिशोब केला तर.

एनर्जीचा हिशोब तर मला त्याहून बोलका वाटतो. कॅलिफोर्नियाच्या पॅसिफिक इन्स्टिट्यूटमधल्या दोन अभ्यासकांनी 2009 मध्ये मोजलं होतं, लॉस एंजेलिसमध्ये विकलं जाणारं बाटलीतलं पाणी, म्हणजे बाटली बनवणं, पाणी शुद्ध करणं, भरणं, वाहून आणणं, थंड करणं सगळं धरून, लिटरमागे 5.6 ते 10.2 मेगाज्यूल ऊर्जा खातं (मेगाज्यूल हे ऊर्जेचं माप). आणि नळाचं शुद्ध केलेलं पाणी 0.005 मेगाज्यूलच्या आसपास. म्हणजे हजार ते दोन हजार पट. आता तू म्हणशील नळाचं पाणी उकळायला पण गॅस लागतोच ना. लागतो. एक लिटर पाणी उकळीपर्यंत न्यायला साधारण एक तृतीयांश मेगाज्यूल उष्णता लागते, शेगडीवर निम्मी वाया जाते असं धर, तरी पाऊण मेगाज्यूलच्या आत बसतं. म्हणजे प्रत्येक लिटर उकळून गार करून दिलंस तरी तू बाटलीच्या कितीतरी खाली आहेस.

या सगळ्यावर "पण बाटल्या मी थोडीच बनवल्या, मला तर नुसत्या दिल्या" हे उत्तर मनात येतं ना, मलाही ते उत्तर समजतं. पण दुसऱ्या पादातलं 34वं सूत्र वाच. हिंसा वगैरे जे दोष आहेत ते तीन प्रकारचे म्हटलेत, कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि नुसती संमती दिलेलं. तिसरं आपण विसरतो. योगाच्या शिबिरात, योगाच्या बॅनरवर नाव टाकून बाटल्या वाटणं म्हणजे ती संमतीच आहे, तीही 200 जणांच्या देखत. "एकच दिवस तर आहे" यालाही उत्तर तिथेच, 31व्या सूत्रात आहे, जात, जागा, वेळ, प्रसंग यांच्या सवलतीशिवाय पाळले तर यम हे महाव्रत होतात. आपण काही महाव्रती नाही, मी तर नाहीच, आजारपणात, प्रवासात, पुरात, जिथे पाण्याची खात्री नाही तिथे मी बाटली विकत घेते आणि तूही घ्यावीस, तहानलेल्या माणसाला तत्त्वज्ञान सांगू नये. पण शिबिराची तारीख तुझ्या हातात, जागा तुझ्या हातात, तयारीला वेळ आहे, मग इथे सवलत कशाला?

शुद्धतेचा मुद्दा राहिला. शौच म्हणजे स्वच्छता हा पहिला नियम, त्यामुळे स्वच्छ पाण्याचा आग्रह धरणारी माणसं चूक नाहीत, दूषित पाण्याने माणसं मरतात, यात थट्टेला जागा नाही. पण सीलबंद म्हणजे निर्मळ हा समज तपासून घ्यायला हवा. 2018 मध्ये नऊ देशांतल्या 259 बाटल्या तपासल्या होत्या, त्यातल्या 93 टक्के बाटल्यांमध्ये मायक्रोप्लास्टिक, म्हणजे प्लास्टिकचे बारीक कण, सापडलं. 2024 मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी आणखी बारीक मोजण्याची पद्धत वापरली तर लिटरमागे सरासरी 2,40,000 च्या आसपास कण, आणि त्यातले जवळपास 90 टक्के नॅनो म्हणजे डोळ्याला काय साध्या मायक्रोस्कोपलाही न दिसणारे. त्याने शरीराचं नेमकं काय होतं हे अजून अभ्यासात आहे, म्हणून लोकांना घाबरवू नकोस, फक्त बाटलीला शौचाचं सर्टिफिकेट देऊ नकोस. त्याच 2023 च्या अहवालात एक गोष्ट आहे जी मला सगळ्यात जास्त लागली, की बाटलीची सवय जशी वाढते तसं सगळ्यांसाठी सुरक्षित नळ हवा हा आग्रह मागे पडतो. ज्यांना परवडतं ते बाटलीकडे जातात आणि नळाबद्दल बोलायला उरतात ते ज्यांचं कुणी ऐकत नाही ते. याला काय म्हणायचं तूच ठरव, मला तरी हे अहिंसेत बसवता येत नाही.

आणि योगाच्या मुळाशी पाणी किती जवळचं आहे बघ. श्वेताश्वतर उपनिषदात साधनेची जागा सांगितलीये, सपाट, स्वच्छ, खडे-वाळू-विस्तव नसलेली, आणि पाण्याच्या सान्निध्यात मनाला बरी वाटेल अशी. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय तर तू वाचलायस, तिथे ज्ञानोबांनी अभ्यासाच्या जागेचं जे वर्णन केलंय त्यात पावलापावलावर पाणी आहे, पावसाळ्यातही नितळ राहणारं, आणि झरे सहज हाताशी. मला ते वाचताना दरवेळी वाटतं की साधकाला पाणी जवळ हवं पण ते वाहतं आणि सगळ्यांचं, त्याला कुणाचं लेबल नाही. वाहत्या पाण्याकाठी बसून ज्यांनी हे शास्त्र घडवलं त्यांच्या नावाने आपण नाल्यात बाटल्या पाठवायच्या हे बरं दिसत नाही.

जाता जाता, मॅट आणि कपड्यांबद्दल पण विचारलंयस. थोडक्यात सांगते, स्वस्त मॅट बहुतेक पीव्हीसी प्लास्टिकच्या असतात पण आहे ती फाटेपर्यंत वापर, नवी "इको" मॅट घेण्यासाठी जुनी टाकू नकोस. बाटल्यांपासून बनवलेल्या लेगिंग्जची जाहिरात बघून हुरळून जाऊ नकोस, त्याही धुताना बारीक धागे सोडतातच. अंगावर सुती असलं तर उत्तम, बाकी आहे ते चालव.

आता काम. 200 माणसं, अर्धा लिटर धरलं तर 100 लिटर पाणी, दोन-अडीच तासांना पुरून उरेल. 50 लिटरची तोटीवाली स्टीलची दोन पिंपं, एक जास्तीचं मागवून ठेव. नळाचं पाणी पिण्यालायक आहे याची खात्री असेल तर गाळून भर, शंका असेल तर उकळून, खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट, उंचावर 2000 मीटरच्या पुढे असशील तर तीन मिनिटं. आदल्या रात्री उकळलंस की सकाळपर्यंत गार होतं. तेही जमत नसेल तर 20 लिटरचे परत जाणारे जार पाच आण, ते भरून भरून वापरले जातात, निदान 200 बाटल्या तरी टळतील. नोंदणीच्या मेसेजमध्येच लिही की आपापली बाटली किंवा तांब्या घेऊन या, पहिल्या ओळीत लिही, शेवटी लिहिलेलं कुणी वाचत नाही. तरी निम्मे विसरणार, त्यांच्यासाठी स्टीलचे पेले भाड्याने मिळतात, एक टेबल भरल्या पेल्यांचं आणि एक उष्ट्यांचं, दोन्ही लांब ठेव, आणि पेले धुवायला माणूस आधी ठरव आणि त्याचे पैसे आधी ठरव. कागदी कप आणू नकोस, आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो त्यांना. आसनांच्या मध्ये घटाघटा पाणी प्यायचं नसतं हे तू सांगतेसच, तर आधी अर्धा तास आणि मग शवासनानंतर पाणी, म्हणजे पिंपापाशी गर्दी पण दोनदाच होईल.

बॉक्स देणाऱ्यांना तोडून बोलू नकोस. त्यांना द्यायची इच्छा आहे, ती चांगलीच आहे, त्यांना सांग बाटल्यांऐवजी दोन पिंपं द्या, ती शिबिरानंतरही जवळच्या एखाद्या शाळेत राहतील, त्यावर तुमचं नाव रंगवून देऊ. नाही म्हणाले तर बॅनर त्यांच्या नावाशिवाय छाप.

आणि हो, जलनेती, म्हणजे नाकातून पाणी घालून काढायची क्रिया, घेणार आहेस ना, तेव्हा कुणीतरी हमखास विचारेल की निदान नेतीला तरी सीलबंद पाणी आणू का. बाटलीतलं पाणी निर्जंतुक असतंच असं नाही, नाकात घालायचं पाणी उकळून कोमट केलेलंच हवं, बाटलीतलं असलं तरी तेही उकळावंच लागतं, मग नळाचंच उकळ. अर्धा लिटरला एक सपाट छोटा चमचा मीठ, पूर्ण विरघळलेलं, आणि पहिल्यांदा करणाऱ्यांच्या शेजारी तू स्वतः उभी राहा.

तुझी,
ताई