पाचशे साक्षीदार आणि शंभर वर्षं

प्रश्न: मी वसईची, ख्रिस्ती. ऑफिसमधला मित्र नास्तिक आहे, पण वाचणारा. ईस्टरनंतर डब्याच्या वेळी विषय निघाला तर तो म्हणतो येशू होऊन गेला असेल, क्रूसावर मेलाही असेल, पण परत उठला ही गोष्ट शंभरेक वर्षांनी लोकांनी रचली. मी म्हटलं पाचशे जणांनी पाहिलंय, आणखी काय पुरावा पाहिजे? बरोबर कोण?

उत्तर: शंभर वर्षांची गोष्ट तर टिकतच नाही. येशूला क्रूसावर दिलं ते साधारण इ. स. 30 ते 33 मध्ये, आणि सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याचं बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र 55 च्या आसपासचं, म्हणजे जेमतेम वीस-पंचवीस वर्षं. त्याच्या 15 व्या अध्यायात तो म्हणतो मला जे मिळालं तेच तुम्हाला दिलं, आणि येशू कोणाकोणाला दिसला ते ओळीने सांगतो, केफा म्हणजे येशूचा शिष्य पेत्र, मग बारा शिष्य, मग पाचशेवर बंधू, याकोब, सगळे प्रेषित, शेवटी मी. यातला निदान सुरुवातीचा भाग पौलाच्याही आधीपासून लोकांच्या तोंडी होता असं बहुतेक अभ्यासक मानतात, श्रद्धा नसलेलेसुद्धा. शिवाय गलतीकरांस पत्रात तो लिहितो की यरुशलेमला पेत्राकडे पंधरा दिवस राहिलो, येशूचा भाऊ याकोबही भेटला. म्हणजे ज्यांची नावं घेतोय त्यातल्या दोघांना तो स्वतः भेटलेला होता.

पण ताई, पाचशे जणांची साक्ष आपल्याकडे नाहीये, आहे ती एका माणसाच्या पत्रातली एक ओळ. कोण होते, कुठे पाहिलं, काही नाही, आणि चारही शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, हा प्रसंग येत नाही. रिकाम्या कबरीचंही तसंच, पौल फक्त पुरला गेला एवढंच म्हणतो, कबरीची हकिगत पहिल्यांदा येते मार्कच्या शुभवर्तमानात, 70 च्या सुमारास, आणि मार्कच्या सगळ्यात जुन्या पूर्ण प्रती 16 व्या अध्यायाच्या 8 व्या ओवीलाच थांबतात, कबरीवर गेलेल्या बायका ती रिकामी पाहून घाबरून पळाल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत, बस. येशू भेटल्याच्या पुढच्या ओव्या नंतर जोडलेल्या आहेत. मित्राने हे काढलं तर त्याचं ऐकून घ्या. तरी मला एक वाटतं, त्या काळात बाईच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती, मग रचायचंच होतं तर कबरीवर आधी पेत्राला नसता का पाठवला?

शिष्यांना आपण येशूला पाहिलं असं मनापासून वाटत होतं, इथपर्यंत इतिहास नेतो. श्रद्धा सोडलेला जर्मन अभ्यासक ल्युडेमानही हे मानायचा, फक्त तो त्याला शोकातून झालेले भास म्हणायचा. उलट पिन्खास लापिदे हा धर्मनिष्ठ ज्यू अभ्यासक, त्याने पुनरुत्थान खरंच घडलं असं मानलं आणि तरी ज्यूच राहिला. कागद तेच, मत वेगळं. मी स्वतः श्रद्धाळू आहे पण इतिहासाने सिद्ध झालंय असं मी कुणाला सांगणार नाही.

मित्राला पाचशेंपेक्षा याकोबाबद्दल विचारा. येशू जिवंत असताना भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता असं योहानाच्या शुभवर्तमानात स्पष्ट लिहिलंय, नंतर हाच याकोब यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी झाला आणि 62 मध्ये दगडमार होऊन मेला, हे तर जोसेफस या ज्यू इतिहासकाराने लिहून ठेवलंय. मधे काय घडलं असेल, हे त्याला सांगू दे, आणि मार्क 8 व्या ओवीला का थांबला याचं उत्तर तुम्ही द्या.