पेटी उघडण्यापूर्वी आजीजवळ बस

प्रिय,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र मिळाले. कवेलूचे जुने घर अक्षय्यतृतीयेनंतर उतरवून त्या जागी स्लॅबचे घर बांधायचे ठरले आहे आणि त्यापूर्वी आबाजींची लोखंडी पेटी, फडताळातील पितळेची भांडी, भिंतीवरच्या तसबिरी आणि माळ्यावरचा पसारा यांचे काय करावे, असे तू विचारले आहेस. सोबत पाठवलेली यादी नीटस आहे. मात्र तिच्यात प्रत्येक वस्तूपुढे 'कुठे ठेवायची' एवढा एकच रकाना आहे. त्याच्या आधी आणखी एक रकाना आखून घे आणि आजी त्या वस्तूबद्दल काय सांगते, ते त्यात लिही. पेटी पुढच्या वर्षीही उघडता येईल. ब्याऐंशी वर्षांच्या आजीला आज जेवढे आठवते तेवढे पुढच्या वर्षी आठवेलच असे नाही, आणि कोणत्या गुंडावरचे (पाण्याच्या पितळी भांड्यावरचे) नाव कोणाचे, हे सांगणारे तुमच्या घरात आता तिच्याशिवाय कोणी उरलेले नाही. जपणुकीचे उपाय मी पुढे लिहिले आहेत, पण ते दुसऱ्या क्रमांकाचे आहेत.

'आजी, तुझ्या तरुणपणाचे सांग' असे विचारू नकोस. 'काय सांगू बाई, काम केलं अन् दिवस काढले' एवढे बोलून ती तांदूळ निवडायला घेईल. वस्तू तिच्या हातात दे आणि त्या वस्तूचेच विचार. एका बैठकीला एकच वस्तू पुरे, आणि बैठक तिला थकवा येण्याआधी संपवावी. तिचे माहेर कारंज्याकडचे आणि सासर दारव्ह्याजवळचे. तेव्हा ती लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी कशाने गेली, स्टेशनापर्यंत रेंगी (लहान बैलगाडी) कोणी हाकली, शिदोरीत काय बांधले होते, आणि सोबतीला कोण होते, असे विचार. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही 'शकुंतला' रेल्वेगाडी दोन्ही गावांवरून जात असे आणि १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते, हे तुला ठाऊक असले म्हणजे तू पुढचा प्रश्न योग्य विचारशील. ठाऊक असलेले तिला सांगत मात्र बसू नकोस. नातवंडांना आपली माहिती दाखवण्याची घाई असते आणि म्हातारी माणसे मग विनयाने गप्प बसतात.

कोणासमोर विचारतेस यालाही महत्त्व आहे. मुलगा आणि सून समोर असताना ती सासरच्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल मोकळेपणाने बोलणार नाही. उलट गल्लीतील तिच्या बरोबरीच्या दोघीतिघी दुपारी ओसरीवर आल्या की त्या एकमेकींच्या चुका दुरुस्त करीत, एकमेकींना आठवण करून देत बोलतील, आणि ते बोलणे तुझ्या कोणत्याही प्रश्नावलीपेक्षा अधिक मोलाचे ठरेल. त्या वेळी भुलाबाईचा विषय काढ. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघर फिरून म्हटलेली ती गाणी त्यांच्या परकराच्या वयातली आहेत; कोणत्या घरी कोणता खाऊ असे, तो डब्यात वाजवून कसा ओळखायला लावत, हे एकीने सुरू केले की बाकीच्या आपोआप गातील. गाण्याचे शब्द गावागणिक वेगळे असतात, म्हणून छापील पाठाशी ताडून तिचे कडवे 'सुधारू' नकोस. पोळ्याच्या झडत्यांचेही, म्हणजे त्या दिवशी बैलांपुढे म्हणायच्या कवनांचेही, तसेच. त्या आबाजींच्या तोंडच्या होत्या, पण बैलांच्या तोरणाजवळ उभे राहून ऐकलेल्या झडत्या आजीलाही येत असतील. गावातील एखाद्या म्हाताऱ्या गड्याला तर त्या नक्कीच येतील.

ध्वनिमुद्रणासाठी मोबाइल पुरेसा आहे. तो घडी घातलेल्या कापडावर आजीच्या जवळ ठेव, पंखा बंद कर आणि मध्येच कोणाचा फोन येऊन मुद्रण तुटू नये म्हणून विमान-मोड लाव. सुरुवातीलाच तारीख, गाव आणि उपस्थितांची नावे स्वतःच्या आवाजात सांगून ठेव. नंतर लिहून काढताना ती 'मले', 'तुले', 'जाऊन राह्यली' असे जे बोलली असेल ते तसेच लिही. तुझ्या कॉलेजातल्या मैत्रिणींना ते वाचताना हसू येईल, तर येऊ दे. एखाद्या प्रश्नावर ती थांबली, डोळे पुसू लागली किंवा 'हे लिहू नको' म्हणाली, तर मुद्रण तिथेच बंद कर आणि तो भाग कायमचा पुसून टाक. त्या काळी घरोघर लहान मुले दगावत असत. त्यांच्याबद्दल आपणहून विचारू नकोस, तिने विषय काढला तरच ऐक.

काळ ठरवताना शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख फारशी धरू नकोस. जून किंवा जुलै महिन्याची पहिली तारीख दिसली, तर ती बहुधा नाव घालताना गुरुजींनी सोयीने लिहिलेली असते. त्यापेक्षा मोठ्या घटना विचार. गाडगेबाबा वलगावजवळ वारले ते २० डिसेंबर १९५६ रोजी. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, आणि वऱ्हाडातल्या कितीतरी गावांतून माणसे तिकडे गेली. मोझरीचे तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गेले. 'महाराज गेले तेव्हा बाबा रांगत होते की चालत होते?' या प्रश्नाला आजी चटकन उत्तर देईल, आणि तुझ्या वडिलांच्या वयाचा घोळही कदाचित त्यातूनच सुटेल.

पेटीतल्या कागदांवर तारीख नसली तरी त्यांचा काळ बराचसा कळतो. आपला भाग इतक्या वेळा इकडून तिकडे गेला की कागदाचा मथळाच साक्ष देतो. मथळ्यावर 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असेल तर तो कागद जानेवारी १९५० पूर्वीचा धरावा. 'मध्य प्रदेश' असेल तर तो त्यानंतरचा आणि ऑक्टोबर १९५६ अखेरपर्यंतचा. तेव्हा नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती, हे आता तिथल्या मुलांनाही सांगावे लागते. त्यानंतर मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. पावत्यांवरची रक्कमही पाहा: आणे आणि पै लिहिलेली पावती बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीची असते, आणि 'नये पैसे' हा उल्लेख १९५७ ते १९६४ या काळातला. भांड्यांवर 'शके' घालून आकडा कोरलेला असला तर त्यात ७८ मिळव, म्हणजे इसवी सन मिळेल. शक सालाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ७९ लागतात. तू 'निरुपयोगी कागद' या सदरात टाकलेली ती लहान पुस्तिका म्हणजे रेडिओचा परवाना आहे. त्या काळी रेडिओ घरात ठेवायचा तर टपाल कचेरीत दरवर्षी शुल्क भरून तो घ्यावा लागे. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले. तुमच्या घरी रेडिओ कोणत्या वर्षी आला, हे त्या पुस्तिकेवरचे शिक्के सांगतील. कापूस एकाधिकार खरेदीच्या, म्हणजे शेतकऱ्याचा कापूस सरकारनेच विकत घेण्याच्या योजनेच्या, पावत्याही फेकू नकोस. ती योजना १९७२ ला सुरू झाली, आणि त्या पावत्यांतून आबाजींच्या शेतात कोणत्या वर्षी किती कापूस निघाला, हे ओळीने मांडता येईल. शेतकऱ्याने स्वतःविषयी लिहून ठेवलेले फार थोडे असते. अशा पावत्याच त्याची रोजनिशी असतात.

आता सांभाळण्याचे. विदर्भात वस्तूंचे दोन शत्रू आहेत, उन्हाळ्यातला ताप आणि पावसाळ्यातला ओलावा. टिनाखालच्या माळ्यावर मे महिन्यात कागद अक्षरशः भाजून निघतो, म्हणून माळ्यावर काहीही ठेवू नये, नव्या घरातही नाही. आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न टेकवता, चार विटांवर पेटी ठेव. वाळवी बहुतेक जमिनीतून आणि भिंतीतून येते. कागद व फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नकोस, आत ओल धरून बुरशी येते. धुतलेले, खळ नसलेले मांजरपाट वापर. डांबरगोळ्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवाव्यात, त्या फोटोला वा लुगड्याला लागू देऊ नयेत. कडुनिंबाचा पाला ठेवायचाच असेल तर तो कडकडीत वाळलेला असावा.

दाखल्यांना आणि पत्रांना लॅमिनेशन करण्याचा मोह तालुक्याच्या प्रत्येक झेरॉक्सवाल्याकडे होतो. तो टाळ. उष्णतेने चिकटलेले ते प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही आणि कागद आतल्या आत खराब होत राहतो. फाटलेल्या घडीवर चिकटपट्टीही लावू नकोस, काही वर्षांत ती पिवळी पडून अक्षरे घेऊन निघते. फोटोच्या मागे नावे लिहायची ती मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. जुन्या अल्बमची काळी पाने आणि कागदी कोपरे चांगलेच आहेत, ते बदलू नकोस; चिकट पानांचा नवा अल्बम मात्र आणू नकोस. आबाजींच्या तसबिरीत फोटो काचेला चिकटला असे तू लिहितेस, तर तो ओढून काढू नकोस. काचेसकट, ओसरीच्या सावलीत, फ्लॅश न वापरता त्याचा फोटो घे आणि तसबीर आहे तशी राहू दे.

लग्नाचे लुगडे वर्षातून दोनदा उलगडून घडीची जागा बदलावी, नाहीतर जरीची तार घडीवरच तुटते. पितळेच्या भांड्यांना चिंच आणि राख लावून चकाकी आणण्याची हौस काकूंना असेल, तर तिला आळा घाल. आंदणाच्या गुंडावर आणि कोपरावर (पसरट भांड्यावर) ठोकलेली नावे हाच त्या भांड्यांचा खरा ऐवज आहे आणि ती घासून घासून पुसट होतात. नव्या पद्धतीच्या स्वयंपाकघरात ही भांडी लागणार नाहीत आणि मोडीच्या भावात जातील, हे उघड आहे. सगळीच ठेवता येणार नाहीत, ठेवूही नयेत. घरभर जुने सामान रचून ठेवणाऱ्यांना जपणारे म्हणावे असे मला वाटत नाही. विकण्याआधी प्रत्येक नावाचा फोटो घे, ते नाव कोणाचे ते आजीला विचार, आणि मग एकदोन भांडी ठेव. कोणती, ते तिला ठरवू दे.

तुझ्या दोन्ही आत्यांना या कामात आरंभीच घे. वाटणीच्या वेळी शेताबद्दल बोलणे झालेले असते, पण गळ्यातली सरी कोणाकडे गेली, दळणाचे जाते कोणी नेले, यावरून मने दुखावलेली राहतात. शिवाय लेकींना आईचे माहेर मुलांपेक्षा अधिक ठाऊक असते. वस्तू कोणाकडे राहील हे आजीच्या तोंडून, सर्वांसमोर ठरू दे आणि यादीत लिहून ठेव. प्रती मात्र प्रत्येकाला मिळाव्यात. फोटो स्कॅन करायचे तर सहाशे डीपीआय ठेव, कागदांना तीनशे पुरतात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलास तर तो बारीक होतो, तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठव. एक प्रत तुझ्याकडे, एक वेगळ्या पेनड्राइव्हवर आणि एक पुण्याच्या आत्याकडे, म्हणजे एकाच घरात काही झाले तरी सर्व जाणार नाही.

पेटीच्या तळाशी मोडी अक्षरातला जो कागद आहे, त्याची घडी जोर लावून उलगडू नकोस. जेवढा सहज उघडतो तेवढ्याच भागाचा फोटो पाठव. मोडी वाचणारे एक जुने स्नेही माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना दाखवीन. आजीला माझा नमस्कार सांग.

कळावे,
तुझा हितचिंतक